डुकराला लागलंय, दुखतंय : बघायचं काय, द्यायचं किती

डुक्कर नुसतं धरलं तरी आभाळ डोक्यावर घेतं. खरोखर दुखत असतं तेव्हा मात्र ते बहुतेक वेळा तोंड मिटून पडून राहतं. नाकावर फास बसल्यावरचं किंचाळणं भीतीचं असतं. पाय मोडलेली मादी कोपऱ्यात गुमान बसलेली दिसते. म्हणून ‘ओरडत नाही, म्हणजे फार लागलं नसेल’ हा हिशेब वराहपालनात हमखास चुकतो. दुखणारं जनावर आधी खाणं कमी करतं, मग पाण्यापर्यंत उठून जाणं टाळतं. मूळ जखम साधी असली तरी दोन-तीन दिवसांत प्रकरण हाताबाहेर जातं.

पाण्याचा मुद्दा आधी, कारण नागपूरकडे तो दुप्पट महत्त्वाचा. इथे बरेच जण हॉटेलचं, मंगल कार्यालयाचं उरलेलं अन्न घालतात आणि त्यात मीठ भरपूर असतं. लंगडणारं डुक्कर नळापर्यंत गेलं नाही, वरून खारट भात-भाजी पोटात गेली, की मिठाची विषबाधा होते. जनावर आंधळ्यासारखं भिंतीला धडकतं, एका जागी गोल फिरतं, कुत्र्यासारखं ढुंगणावर बसून मागे सरकत झटके देतं. अशा वेळी बादलीभर पाणी पुढे ठेवणं ही दया नव्हे. एकदम पाणी गेलं की मेंदूला सूज येते. ५० किलोच्या जनावराला तासाला पाव लिटरच्या आसपास, एवढ्याच बेताने पाणी द्यायचं आणि लगेच डॉक्टरांना बोलवायचं.

हात लावण्याआधी

तपासणी कुंपणाबाहेरूनच सुरू होते. सकाळी खाणं टाकण्यापूर्वी दोन मिनिटं उभं राहून बघा. कळपापासून दूर, भिंतीकडे तोंड करून कोण पडलंय? खाण्याचा आवाज झाल्यावर कोण उठलं नाही? शेपूट हा चांगला निरोप्या आहे. ठणठणीत डुकराची शेपटी वळलेली असते, दुखणाऱ्याची सरळ लोंबते किंवा पायांत दाबलेली असते. पाठीला कमान, कान मागे, दात करकर वाजवणं, उठताना पुढच्या गुडघ्यांवर टेकून थांबणं, ही सगळी दुखण्याचीच चिन्हं. पांढऱ्या यॉर्कशायर जनावरांत आणखी एक प्रकार दिसतो. चालता चालता पाठ एकदम खाली दाबून ते मागच्या पायांवर बसल्यासारखं करतं. लोकांना वाटतं कंबर गेली. पुष्कळदा ती उन्हाने भाजलेली कातडी असते. पाठीवर आणि कानांवर लाली, पुढे फोड. देशी काळ्या डुकरांना हा त्रास फारसा होत नाही.

मग जनावर उठवून दहा-पंधरा पावलं चालवा. पाऊल आखूड पडतंय पण चारही पाय टेकतात, ही पहिली पायरी. एक पाय नीट टेकतच नाही, मान वर-खाली हलते, ही दुसरी. पाय पूर्ण उचललेला किंवा उठणंच नाही, ही तिसरी. पहिल्या पायरीवर एक दिवस बघता येतं, दुसरीवर त्याच दिवशी उपचार हवेत आणि तिसरीवर डॉक्टरांना बोलवायला संध्याकाळची वाट बघू नका. ही पायरी तारखेसह वहीत लिहून ठेवा. औषध लागू पडलं की नाही, हे उद्या आठवणीवरून नीट कळत नाही.

ताप की ऊन?

डुकराचं तापमान साधारण ३९.२ अंश सेल्सिअस, म्हणजे १०२.५ फॅरनहाइट असतं. ४० च्या वर गेलं की ताप समजतात. साधा डिजिटल थर्मामीटर चालतो. टोकाला व्हॅसलिन लावून गुदद्वारात दोन-तीन सेंटिमीटर आत घालायचा आणि आतल्या भिंतीला टेकवून धरायचा. शेणात खुपसलेला थर्मामीटर खोटं सांगतो.

मे महिन्यात, विशेषतः नवतप्यात (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस), पारा ४५ च्या आसपास असताना दुपारी घेतलेल्या तापमानावर भरवसा ठेवू नका. डुकराला घामाने अंग थंड करता येत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये निरोगी जनावरही तीन वाजता ४० दाखवतं. मोजमाप सकाळी सहा-सातला करा.

हा फरक औषधासाठी मोलाचा आहे. जंतुसंसर्गाच्या तापात शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात आणि मेंदू स्वतःच अंगाचं तापमान वर चढवतो. वेदनाशामक औषध ही द्रव्यं रोखतं, म्हणून ताप उतरतो. उष्माघातात मेंदूने काहीही चढवलेलं नसतं, उष्णता बाहेर पडायला वाट नसते. तिथे तापाचं इंजेक्शन निरुपयोगी आहे, उलट पाणी कमी झालेल्या शरीरात ते मूत्रपिंडाला मारतं. तोंड उघडं टाकून धापा टाकणारं, ४१ च्या वर गेलेलं जनावर सावलीत घ्या. कान, मान आणि पायांवर साधं पाणी सोडत राहा, कूलर किंवा पंखा अंगावर लावा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच कोंडते.

जखम

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी ठेवून घट्ट दाबा आणि पाच ते दहा मिनिटं उचलून बघू नका. दर मिनिटाला ‘थांबलं का’ म्हणून बघणारा माणूस धरलेली गाठ प्रत्येक वेळी नव्याने काढतो.

रक्त थांबल्यावर धुणं. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ घाला, हेच सलाइन. २० मिलीच्या सिरिंजला १८ गेजची सुई लावून जखमेवर धार मारा. लहान जखमेलाही पाव-अर्धा लिटर पाणी लागू द्या. माती, केस, शेण वाहून जाणं हेच अर्धं काम आहे, औषध त्यानंतर. पोव्हिडोन आयोडीनचं १० टक्क्यांचं द्रावण बाटलीतून तसंच ओतू नका. ते दहापट ते शंभरपट पातळ करून वापरा, पाणी फिक्कट चहाच्या रंगाचं दिसलं की पुरे. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघायला बरा वाटतो, पण रोज ओतलं तर भरून येणारं नवं मांसही जळतं.

फिनाईल, रॉकेल, पेट्रोल, जळकं ऑईल, तंबाखू-चुना, बॅटरीतली पावडर यांपैकी काहीही जखमेत घालू नका. फिनाईलने अळ्या मरतात हे खरं, पण भोवतालचं जिवंत मांसही मरतं. मेलेल्या मांसावर माशी पुन्हा बसते, आणि अळ्या पुन्हा पडल्या म्हणून पुन्हा फिनाईल पडतं.

अळ्यांचं म्हणाल तर पावसाळ्यात इथे २४ तासांत जखमेत अंडी दिसतात. जखमेतून काळपट पाणी, विशिष्ट कुबट वास आणि आत हलणारी पांढरी टोकं दिसली की चिमट्याने एकेक अळी काढावीच लागते. खोल कप्पे राहिले तर डॉक्टर आयव्हरमेक्टिन देतात. डुकराला त्याची मात्रा किलोला ०.३ मिलिग्रॅम, म्हणजे एक टक्क्याचं औषध ३३ किलोला १ मिली, कातडीखाली. गाई-म्हशींची मात्रा याहून कमी, किलोला ०.२ मिलिग्रॅम. त्यांच्या अंदाजाने दिलं तर डुकराला औषध कमी पडतं. नंतर जखमेच्या कडांना माशी पळवणारा फवारा रोज.

चावलेल्या, फाटलेल्या जखमा शिवून बंद करायची घाई नको. स्वच्छ, धारदार कापलेली जखम सहा-आठ तासांच्या आत शिवता येते. दाताने फाडलेली शिवली तर आत पू कोंडतो. शेपटीच्या चाव्याला लोक किरकोळ समजतात. शेपटीतून जंतू मणक्यापर्यंत चढले की तिथे गळू होतं आणि दोन-तीन आठवड्यांनी जनावराचे मागचे पाय जातात. तेव्हा मूळ चावा कोणाला आठवतही नाही. शेपटी चावली गेलेलं डुक्कर त्याच दिवशी वेगळं काढा आणि चावणारं कोण हेही शोधा.

कानात रक्त साकळून कान उशीसारखा फुगला तर टोचू नका, आतून पुन्हा भरतो. मानेवरची गळवं बहुतेक वेळा घाणेरड्या सुईची देणगी असतात. डुकराचा पू लोण्यासारखा घट्ट असतो, सुईने ओढून येत नाही. गळू पिकल्यावर सर्वांत खालच्या जागी चीर देणं आणि रोज धुणं हे डॉक्टरांच्या हातचं काम. मानेत मोठ्या रक्तवाहिन्या आहेत.

मोकाट कुत्रा चावला असेल तर हिशेबच वेगळा. हातमोजे घाला, साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं जखम धुवा, त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा आणि रेबीजच्या लसीचं विचारा.

पाय

लंगडण्याचं कारण शोधताना खुरापासून वर जा. मागच्या पायाची बाहेरची नखी मोठी असते आणि जास्त भार घेते, बहुतेक भेगा तिथेच सापडतात. पाय धुऊन नखीच्या तळव्याकडे आणि दोन नख्यांमधल्या फटीकडे बघा. नव्या सिमेंटची खरखरीत फरशी तळवा घासून काढते, आणि कायम ओली राहिलेली फरशी नखी मऊ करते. दोन्ही एकत्र आल्या की आठ-पंधरा दिवसांत निम्मं पेन (डुकरांचा कप्पा) लंगडायला लागतं. तिथे औषधाआधी फरशी दुरुस्त करा.

मग सांधे. उजवा-डावा एकाच वेळी दोन्ही हातांत धरा, गरम आणि जाड कोणता ते हातालाच कळतं. लहान पिल्लांत सुजलेले सांधे म्हणजे बहुतेक वेळा नाळेतून, दात कापताना किंवा खरचटलेल्या गुडघ्यातून शिरलेले जंतू. इथे प्रतिजैविक पहिल्या दिवशी मिळालं तर पिल्लू चालतं, पाचव्या दिवशी मिळालं तर सांधा आखडलेलाच राहतो.

एका दिवसात अनेक जनावरं लंगडायला लागली, नाकाच्या शेंड्यावर किंवा नखीच्या वरच्या कडेला फोड दिसले, लाळ गळू लागली, तर ती इजा नव्हे. लाळ्या-खुरकूत समजा, जनावरांची आणि माणसांची ये-जा थांबवा आणि पशुसंवर्धन विभागाला कळवा. कातडीवर जांभळे डाग, तीव्र ताप आणि पटापट मरतूक असेल तर आफ्रिकन स्वाइन फीवरची शंका घ्यायचीच. २०२० पासून तो देशात आहे आणि त्यावर उपचार नाही.

वेदनाशामक : कोणतं आणि किती

आपल्याकडे जनावरांसाठीची निवड सरळ आहे : मेलॉक्सिकॅम. डायक्लोफेनॅक २००६ पासून, किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक २०२३ पासून आणि निमेसुलाइड २०२४ च्या शेवटापासून जनावरांसाठी बंद आहेत. कारण गिधाडं. औषध दिलेलं जनावर मेलं आणि ते गिधाडांनी खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. मेलॉक्सिकॅम त्यांना सुरक्षित आहे. नागपूरशेजारी पेंचच्या जंगलात गिधाडं आणून सोडण्याचं काम चालू असताना गोठ्यातल्या कपाटात माणसांच्या डायक्लोफेनॅकच्या कुप्या सापडाव्यात, हे बरं नाही.

डुकराला मेलॉक्सिकॅमची मात्रा किलोला ०.४ मिलिग्रॅम, मांसात, दिवसातून एकदा. गरज असेल तर २४ तासांनी दुसरी. घोटाळा होतो तो कुपीवर. बाजारात ५ मिलिग्रॅम प्रति मिलीचीही कुपी आहे आणि २० ची तीव्र कुपीही. दोन्ही दिसायला सारख्याच. ‘मागच्या वेळी चार मिली दिलं होतं’ म्हणून २० ची कुपी चार मिली टोचली तर चौपट मात्रा गेली.

वजन डोळ्याने ठरवू नका. शिवणकामाची टेप पुरते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर मीटरमध्ये मोजा. दोन कानांच्या मधून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी गुणिले ६९.३, हे झालं किलोतलं वजन. घेर ०.९० आणि लांबी ०.९५ असेल तर सुमारे ५३ किलो. त्याला २१ मिलिग्रॅम औषध हवं. म्हणजे ५ च्या कुपीतून ४.२ मिली किंवा २० च्या कुपीतून १ मिली.

जी प्रोस्टाग्लँडिन दुखवतात तीच जठराचं अस्तर आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही सांभाळतात. डुकराचं जठर तसंही अल्सरला सोपं असतं, बारीक दळलेल्या खाद्याने तर आणखीच. म्हणून उपाशी, पाणी न प्यालेल्या जनावराला हे औषध टोचू नका आणि डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड सोबत देऊ नका. ‘दोन्ही दिली की लवकर उठतं’ हा सल्ला सर्रास मिळतो. शेण डांबरासारखं काळं आणि कान पांढरेफटक दिसले तर जठरात रक्तस्राव सुरू आहे. औषध बंद करून डॉक्टरांना सांगा.

वेदनाशामकाने जंतू मरत नाहीत. त्यामुळे पहिल्या डोसनंतर जनावर छान चाललं म्हणून सुजलेला सांधा बरा झाला असं नसतं. प्रतिजैविक कोणतं आणि किती दिवस, हे डॉक्टरांनी ठरवायचं आणि ठरवलेले दिवस पुरे करायचे.

टोचायचं कुठे

कानाच्या मुळामागे दोन-तीन बोटांवर, मानेच्या कोरड्या भागात, सुई कातडीला काटकोनात. मांडीत टोचू नका, तिथे पायाची मोठी नस आहे आणि तेच सर्वांत महाग मांस. दूध पिणाऱ्या पिल्लाला २० किंवा २१ गेजची अर्ध्या ते पाऊण इंची सुई, ३० ते ६० किलोला १६ ते १८ गेजची एक इंची आणि मोठ्या मादीला १६ गेजची दीड इंची. मादीला आखूड सुई वापरली तर औषध चरबीत पडतं, तिथे रक्तपुरवठा कमी, औषध तसंच पडून राहतं आणि पालक म्हणतो औषध नकली होतं. एका जागी मोठ्याला १० मिली, मध्यमाला ५ आणि पिल्लाला १ मिलीपेक्षा जास्त नको. वाकलेली सुई सरळ करून पुन्हा वापरू नका, मानेत तुटते.

धरण्यासाठी छोट्यांना फळी पुरते. पेनच्या कोपऱ्यात फळीने दाबून धरलं की काम होतं. मोठ्याला वायरचा फास वरच्या जबड्यावर, सुळ्यांच्या मागे. जनावर आपोआप मागे ओढत उभं राहतं. सिरिंज आधी भरून तयार ठेवा, म्हणजे फास मिनिटा-दोन मिनिटांत सुटतो. उन्हाळ्यात हे काम सकाळीच उरका. दुपारी झटापट झालेलं जड डुक्कर जागेवर कोसळू शकतं.

पिल्लं आणि खसी करणं

खसी पहिल्या आठवड्यातच करावी. आधी पिल्लू तपासा. अंडकोशात फुगवटा हाताला लागला तर तो हर्निया, तिथे चीर दिली की आतडी बाहेर येतात. ते पिल्लू डॉक्टरांसाठी बाजूला ठेवा. दोन किलोच्या पिल्लाला मेलॉक्सिकॅम ०.८ मिलिग्रॅम लागतं, म्हणजे ५ च्या कुपीतून ०.१६ मिली. एक मिलीच्या बारीक सिरिंजशिवाय हे मोजता येत नाही, आणि २० ची कुपी इथे वापरायचीच नाही. ते चीर देण्याआधी १५ ते ३० मिनिटं द्यायचं. यामुळे नंतरचं दुखणं कमी होतं, कापण्याची वेदना नाही. तिच्यासाठी जागा बधिर करणारं लिग्नोकेन हवं आणि त्याची मात्रा डॉक्टरांकडूनच, कारण इवल्याशा पिल्लात ती लगेच जास्त होते.

मागचे पाय फाकून पडलेल्या नवजात पिल्लाला औषध लागत नाही. दोन्ही मागच्या पायांना चिकटपट्टीने इंग्रजी आठच्या आकारात बांधा, मध्ये पाच-सात सेंटिमीटर अंतर ठेवा, आणि तीन-चार दिवस त्याला आईच्या सडापर्यंत पोचवत राहा. बहुतेक उभी राहतात.

वेगळं ठेवणं, आणि थांबणं

आजारी पेन म्हणजे अडगळीची खोली नव्हे. कोरडी जागा, खाली वीतभर तणस किंवा सोयाबीनचं कुटार, आणि पाणी पडल्या जागेवरून तोंड पोचेल इतकं जवळ. उठता न येणाऱ्याला दिवसातून तीन-चार वेळा कूस बदलून द्या. शेजारचं पेन दिसत असेल तर उत्तम. डुक्कर एकटं पडलं की खाणं आणखी कमी करतं. आठवड्याने थेट जुन्या कळपात सोडलं तर मारामारी ठरलेली, म्हणून मोठ्या पेनमध्ये संध्याकाळी आणि भरपूर खाणं टाकून सोडा.

उपचार सुरू झाल्यावर ४८ तासांत पायरी एकाने तरी उतरली पाहिजे. नाही उतरली तर निदान किंवा औषध चुकलंय. १९६२ या क्रमांकावर फिरता पशुवैद्यकीय दवाखाना मागवता येतो. शस्त्रक्रियेचं, हाड मोडल्याचं प्रकरण असेल तर नागपुरात सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. मोठ्या डुकराच्या मांडीचं हाड मोडलं, मागचे पाय पूर्ण गेले, किंवा उपचारांनंतरही जनावर उठत-खात नाही, तर डॉक्टरांकडून वेदनारहित मरण देणं हाच उपचार उरतो. अशा जनावराला गाडीत टाकून बाजारात नेणं हा त्याच्यावर दुसरा अत्याचार, आणि प्रवासाला अपात्र जनावर वाहून नेणं नियमातही बसत नाही.

बरं झालेलं जनावर विकायचं असेल तर शेवटच्या इंजेक्शनपासूनचे दिवस मोजा. कुपीच्या लेबलवर मांसासाठीचा कालावधी छापलेला असेल तो पाळा. छापलेला नसेल तर आपल्या नियमांनुसार किमान २८ दिवस. मरण देण्यासाठी औषध टोचलेलं जनावर मात्र खाण्यासाठी नाही आणि उकिरड्यावर टाकण्यासाठीही नाही. विहीर आणि नाल्यापासून दूर, निदान सहा फूट खोल खड्डा घ्या, चुना पसरा, आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वरून दगड रचा.